जिल्हा परिषदेच्या शाळेत रोबोटिक्स-कोडिंग सुरू करताना : किट सगळ्यात शेवटी घ्या

गावाकडच्या शाळेत रोबोटिक्स सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी किटचं कोटेशन मागवतात. मग किट येतात, उद्घाटन होतं, एक दिवसाची कार्यशाळा होते, पोरं दिवसभर खूश असतात, आणि पुढच्या महिन्यात तेच खोके ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद. कुणी मोडेल, हरवेल, ऑडिटला नडेल या भीतीने. हे इतक्या ठिकाणी होतंय की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढायला हवा असं वाटलं, कारण माणसं चांगली असतात, पैसाही असतो, गडबड होते ती आधी काय आणि नंतर काय यात.

खालचं सगळं ५वी ते ८वीच्या वर्गांसाठी आहे, जिथे लाईट अधूनमधून जाते आणि इंटरनेट म्हणजे सरांचा मोबाईल. तुम्ही तिथले शिक्षक असा, त्या गावातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेले असा किंवा एखाद्या संस्थेकडून जात असा, क्रम तोच. पूर्ण एक शैक्षणिक वर्ष हाताशी धरा, जून ते एप्रिल (विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तेवढं पुढे सरकवा).

## टप्पा १ : शाळेत जाऊन बघा, फोनवर विचारू नका

फोनवर विचारलं की "कॉम्प्युटर आहेत, लाईट आहे" असं उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं, पण दहा कॉम्प्युटर आहेत म्हणजे दहा चालू आहेत असं होत नाही. शाळा भरलेली असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको, आणि वहीत हे लिहून आणा:

- लाईट कुठल्या वेळी जाते, कुठल्या वारी जाते. बिल कोण भरतं आणि थकलंय का. बिल थकून कनेक्शन तोडलेल्या शाळा आहेत, त्यामुळे हा प्रश्न संकोच न करता विचारा.
- प्रत्येक कॉम्प्युटर स्वतः चालू करून बघा. विंडोज कुठली, रॅम किती, माऊस चालतो का, यूएसबी पोर्ट ढिला आहे का.
- खोली. कुलूप लागतं का, पावसाळ्यात गळते का, उंदीर आहेत का, जमिनीवर बसून काम करायचं की टेबलं आहेत.
- शिक्षक किती आणि वर्ग किती. द्विशिक्षकी शाळेत एकच बाई तीन वर्ग सांभाळत असतात, तिथे आठवड्याला चार तास कोडिंग ठेवू म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.
- मुलं येतात कुठून. वस्तीवरून चालत येणारी मुलं शाळा सुटल्यावर थांबू शकत नाहीत, म्हणजे शाळेनंतरचा क्लब ही कल्पना तिथेच बाद.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. शाळेनंतर तास ठेवला की सगळ्यात आधी मुली गळतात, कारण घरी पाणी, धाकटी भावंडं, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं असतं. तास शाळेच्या वेळेतच बसवा. पहिली ते आठवीच्या शाळांत आनंददायी शनिवार असतो, तिथे जागा मिळते.

सावधान : कॉम्प्युटरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, त्याशिवाय एकाही मुलाला त्या खोलीत बसवू नका.

तपासा : वर्षभर आठवड्याला दोन तास कुठल्या वारी, कुठल्या तासिकेला, हे वेळापत्रकात लिहिलं गेलंय का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २ : एक नाही, दोन शिक्षक, आणि ठराव

एखादे हौशी सर भेटतात, त्यांना सगळं येतं, सगळं तेच करतात. पुढच्या वर्षी त्यांची बदली होते आणि सगळं तिथेच थांबतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ठरलेलीच, ती होणार आहे हे गृहीत धरूनच आखणी करा. पहिल्या दिवसापासून दोन शिक्षक घ्या आणि त्यातल्या एक बाई असतील असं बघा, कारण मॅडमना स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन काम करताना बघितलं की मुली पुढे येतात, त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही. दोन शिक्षकच नसतील तर केंद्रातल्या शेजारच्या शाळेतले एक शिक्षक जोडून घ्या, केंद्रप्रमुखांशी बोलून हे जमतं.

शिक्षकांना विज्ञान किंवा गणितच यायला पाहिजे असं अजिबात नाही. "मला माहीत नाही, चल शोधू" असं मुलासमोर म्हणू शकणारे शिक्षक पाहिजेत.

मग शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीत विषय मांडा आणि लेखी ठराव घ्या, त्यात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत: साहित्य मुलांनी हाताळायचं आहे, वापरताना एखादा भाग खराब झाला तर शिक्षकाच्या खिशातून भरपाई घेतली जाणार नाही, आणि वायर, सेल, एलईडी, सेन्सर यांची नोंद खर्ची पडणारं साहित्य म्हणून होईल. हे तिसरं फार महत्त्वाचं. सगळंच डेडस्टॉकला (कायमच्या वस्तूंच्या रजिस्टरला) चढवलं की दहा रुपयांचा एलईडी जळला तरी निर्लेखनाचे (वस्तू रजिस्टरमधून कमी करायचे) कागद करायची वेळ येते, आणि मग कोणते गुरुजी कपाट उघडतील? बोर्ड, लॅपटॉप, मल्टीमीटर डेडस्टॉकला, बाकीचं खर्ची रजिस्टरला.

पालकांना सांगताना "तुमचा मुलगा इंजिनिअर होईल" असली आश्वासनं देऊ नका. मुलं काय करणार आहेत तेवढं सांगा.

## टप्पा ३ : पहिले चार-पाच आठवडे कॉम्प्युटर बंद

लोक हा टप्पा गाळतात कारण फोटोत काही दिसत नाही. पण मुलांना कोडिंगमध्ये अडतं ते इथे, सूचना तंतोतंत द्यायला. आणि याला लाईट लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पहिला खेळ, मैदानावरचा रोबो. खडूने किंवा फक्कीने जमिनीवर ६ बाय ६ चौकटी आखा. एक मूल रोबो, एक मूल सूचना देणारं. सूचना फक्त तीन: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. दोन-तीन चौकटींत दगड ठेवा, शेवटच्या चौकटीत डबा. सूचना आधी कागदावर लिहायच्या, मग रोबोने त्या वाचून चालायचं, मधे बोलून दुरुस्ती करायची नाही. पहिल्या वेळी रोबो हमखास दगडावर जातो, कारण "डावीकडे वळ" यात फक्त तोंड फिरतं, पाय पुढे पडत नाही, हे मुलांनी धरलेलंच नसतं. कागदावर चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधायला लावा. हेच डिबगिंग, नाव नंतर सांगितलं तरी चालेल.

दोन-तीन तासांनी नवीन सूचना आणा: "४ वेळा कर" आणि "समोर दगड असेल तर". लूप आणि कंडिशन झालं.

दुसरा खेळ, चौकटीच्या वहीतली चित्रं. गणिताच्या वहीत ५ बाय ५ चौकटी घ्यायच्या, काही काळ्या करायच्या, काही रिकाम्या, त्यातून अक्षर, बाण, चेहरा काढायचा. मग ते चित्र शेजारच्याला न दाखवता फक्त ० आणि १ वाचून सांगायचं, त्याने ऐकून काढायचं. पुढे मायक्रोबिट नावाचा बोर्ड (कोड टाकून चालवता येणारं छोटं सर्किट) घेतलात तर त्यावर बरोबर ५ बाय ५ लाल दिवे असतात, वहीतलं तेच चित्र मुलं त्यावर उजळवतात, तेव्हा त्यांना ती वही आठवते.

तिसरा, पत्ते. १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची पाच कार्डं करून पाच मुलं उभी करा, कार्ड दाखवलं तर १, लपवलं तर ०. वर्गाने सांगितलेला आकडा त्यांनी बनवायचा. न्यूझीलंडच्या कॅन्टरबरी विद्यापीठातून आलेल्या सीएस अनप्लग्ड या साहित्यात असे भरपूर खेळ फुकट आहेत, एकदा मोबाईलवर उतरवून प्रिंट काढून ठेवा.

मराठीतूनच शिकवा. "रिपीट"ला "परत परत", "इफ"ला "जर", "व्हेरिएबल"ला (आकडा किंवा शब्द साठवायच्या जागेला) "डबा" म्हटलं तरी चालतं, फक्त एकच शब्द शेवटपर्यंत धरा. सरांनी एक आणि बाईंनी दुसरा वापरला की मुलं गोंधळतात.

तपासा : वर्गातल्या कुठल्याही मुलाला, हुशार मुलाला नाही, कुठल्याही, आठ-दहा ओळींच्या सूचना देऊन त्यातली चूक काढता येते का? येत नसेल तर अजून दोन आठवडे इथेच थांबा.

## टप्पा ४ : कॉम्प्युटर, पण इंटरनेट नसेल असं धरून

सगळं सॉफ्टवेअर शहरात किंवा तालुक्याला डाऊनलोड करून पेन ड्राईव्हवर न्यायचं. शाळेत गेल्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाऊनलोड करू असं ठरवलं की तो अख्खा दिवस वाया जातो.

- स्क्रॅचचं (रंगीत ब्लॉक जोडून कोड करायच्या सॉफ्टवेअरचं) ऑफलाईन ॲप घ्या. विंडोज १० किंवा पुढचं लागतं. अँड्रॉईड टॅबलेटवरही चालतं, त्यामुळे शाळेला मिळालेले टॅब असतील तर काढा बाहेर.
- मशीन जुनी आणि विंडोज ७ असेल तर टर्बोवार्प डेस्कटॉपची जुन्या विंडोजसाठी असलेली आवृत्ती बघा, स्क्रॅचच्या फाइल्स त्यात उघडतात.
- पुढे लागेल म्हणून मायक्रोबिटसाठी मेककोडचं ऑफलाईन ॲप, आर्डुइनो या दुसऱ्या बोर्डसाठी कोड लिहायला आर्डुइनो आयडीई (जुन्या मशीनला १.८ मालिकेतली), आणि ब्लॉक लावून आर्डुइनो चालवायचा असेल तर पिक्टोब्लॉक्स.

स्क्रॅचमधले बोलून दाखवणारे आणि भाषांतर करणारे ब्लॉक इंटरनेटशिवाय चालत नाहीत. मुलांना ते लगेच सापडतात, आधीच सांगून ठेवा.

पेन ड्राईव्ह आधी स्कॅन करा. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राईव्ह शाळेच्या सगळ्या मशीनला व्हायरस देतो, त्यामुळे एकच पेन ड्राईव्ह ठेवायचा, फक्त शाळेतला.

बसवायचं कसं. एका मशीनला तीन मुलं, जास्त नाही. एक माऊस धरणार, एक सांगणार, एक वहीत लिहिणार, आणि दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायची. घंटा म्हणजे घंटाच, "बदला रे आता" असं तोंडी सांगून बदललं जात नाही. घंटा नसेल तर माऊस पहिल्या दिवशी ज्याच्या हातात जातो त्याच्याच हातात वर्षभर राहतो, आणि तो बहुतेक वेळा मुलगा असतो. मशीन पुरत नसतील तर अर्धा वर्ग कागदावर, अर्धा मशीनवर, अर्ध्या तासाने अदलाबदल.

क्रम असा धरा: आधी स्क्रॅचमधली मांजर हलवायची, मग हिरवा झेंडा आणि बटणं, मग परत परत, मग जर-तर, मग डबा म्हणजे व्हेरिएबल, शेवटी एका पात्राने दुसऱ्याला निरोप पाठवणं. एकेका गोष्टीला एक-दोन तास लागतात. आणि प्रत्येक गोष्टीवर मुलांनी स्वतःचं काहीतरी करायचं, सरांचं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं नाही. पाढे विचारणारा खेळ, एसटी थांब्यावर येते-जाते ते दृश्य, आपल्या वस्तीचा नकाशा ज्यात घरावर क्लिक केलं की माहिती येते, असलं काहीही.

नेहमीची चूक सांगतो. प्रोजेक्टर लावून सर दाखवतात, मुलं बघतात, टाळ्या. बघून कुणालाही येत नाही. तुम्ही जास्तीत जास्त पाच मिनिटं दाखवा, मग हात मागे. मुलगी अडली की तिच्या हातातला माऊस घेऊन पटकन करून द्यायचा मोह होतो, तो टाळा, "काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं?" एवढंच विचारा.

फाइल सेव्ह करताना गटाचं नाव आणि तारीख टाकायची सवय पहिल्या तासापासून लावा, आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी सेव्ह. लाईट न सांगता जाते, त्यामुळे यूपीएस नसेल तर अधूनमधूनही सेव्ह करायला लावा.

## टप्पा ५ : सेल, दिवा, मोटर

बोर्ड हातात द्यायच्या आधी साधं सर्किट. दोन पेन्सिल सेल, लाल एलईडी, रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग), वायरचे तुकडे, मोडक्या खेळण्यातली मोटर, पत्र्याची पट्टी किंवा पिन वापरून केलेला स्विच. टाकाऊतून विज्ञानाची खेळणी कशी करायची यासाठी अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर भरपूर साहित्य मोफत आहे, तिथून दोन-चार निवडा.

मुलांना या चार गोष्टी हाताने कळल्या पाहिजेत:

- एलईडीचा लांब पाय प्लसला. उलटा लावला तर पेटत नाही.
- लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या-निळ्याला ३ च्या आसपास. म्हणून दोन सेलवर लाल छान पेटतो आणि निळा मंद पेटतो किंवा पेटतच नाही. "सर, हा खराब आहे" असं येणार, तेव्हा हे समजावून सांगा, फेकू नका.
- रेझिस्टरशिवाय एलईडी लावायचा नाही. पुढे बोर्डच्या ५ व्होल्टला २२० ओहम पुरतो.
- सेलची दोन टोकं वायरने थेट जोडली की सेल तापतो. एकदा शिक्षकांनी पेन्सिल सेलवर क्षणभर दाखवावं, मुलांनी करायचं नाही.

मल्टीमीटर इथेच शिकवून टाका. व्होल्टेज मोजणं आणि वायर तुटलीय का ते आवाजावरून बघणं, एवढं दोनच. ज्या मुलाला कंटिन्युइटी बघता येते तो पुढे अर्ध्या तक्रारी स्वतःच सोडवतो.

सावधान : भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची लाईट या कामात कुठेही येणार नाही. रिलेने (बोर्डवरून चालणाऱ्या स्विचने) बल्ब लावणं, शेतातली मोटर चालवणं हे व्हिडिओत बघून मुलं मागणार, पण नाही म्हणजे नाही. लिथियमचे १८६५० नावाचे सेलही शाळेत नकोत, शॉर्ट झाले तर आग लागते.

## टप्पा ६ : आता खरेदी

आता तुम्हाला माहीत आहे किती मुलं टिकली, किती मशीन चालतात, शिक्षकांना काय झेपतं. म्हणून खरेदी इथे.

कुठला बोर्ड? ५वी-६वीपासून सुरू करत असाल आणि पैसे जुळत असतील तर मायक्रोबिट. दिवे, दोन बटणं, हालचाल आणि तापमान ओळखणारे सेन्सर बोर्डवरच आहेत, नव्या आवृत्तीत स्पीकर आणि माईकही आहे, वायर न जोडता पहिले दोन महिने निघतात. कॉम्प्युटरला लावला की पेन ड्राईव्हसारखा दिसतो, फाइल त्यात टाकली की झालं. शिवाय दोन मायक्रोबिट एकमेकांशी रेडिओने बोलतात, त्याला इंटरनेट लागत नाही. ७वी-८वी असेल, पैसे कमी असतील, तर आर्डुइनो उनो, त्यातही स्थानिक बाजारात मिळणारे सुसंगत बोर्ड काहीशे रुपयांत येतात आणि बिघडले तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून परत आणता येतात. मात्र त्याला वायरिंग जास्त, चुका जास्त, शिक्षकाचा धीर जास्त लागतो.

माझं स्पष्ट मत: बंद डब्यातले, फक्त त्याच कंपनीचे कनेक्टर लागणारे चकचकीत किट घेऊ नका. एक वायर तुटली की कंपनीकडूनच मागवावी लागते, आणि मग किट पडून राहतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात, तेच भाग वापरणारं किट घ्या किंवा स्वतः जमवा.

चार मुलांमागे एक संच धरा. आर्डुइनोच्या संचात: बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पट्टी), जंपर वायरी (दोन्हीकडे पिन, दोन्हीकडे भोक, एकीकडे पिन-एकीकडे भोक, अशा तिन्ही प्रकारच्या), एलईडी, रेझिस्टर, पुश बटण, बझर, एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर), अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, छोटा सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर), दोन पिवळ्या बीओ मोटर चाकांसकट, मोटर ड्रायव्हर (बोर्ड आणि मोटरच्या मधे बसून मोटरला करंट देणारं सर्किट), चार सेलचा होल्डर (ड्रायव्हर एल२९८एन असेल तर सहाचा). यूएसबी केबल दुप्पट घ्या, सगळ्यात आधी त्याच जातात. आणि घेताना डेटा जाणारी केबल आहे ना ते बघा, मोबाईल चार्जिंगच्या काही केबलमधून फक्त करंट जातो, बोर्डवरचा दिवा लागतो पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही, आणि त्यात अख्खा तास जातो.

मिळालेले सगळे पैसे पहिल्या खरेदीत घालवू नका, साधारण पाचवा हिस्सा वर्षभराच्या सेल-वायरींसाठी बाजूला ठेवा.

पैसे कुठून? शाळेच्या संयुक्त अनुदानातून थोडं निघू शकतं, पण ते पटसंख्येवर मिळतं, छोट्या शाळेला फार उरत नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात विषय घालायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) ग्रामसभेच्या आधी बोला, आराखडा ठरल्यावर जाऊन उपयोग नाही. गावाबाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांची लोकवर्गणी पटकन उभी राहते, तिचा हिशोब शाळेच्या फळ्यावर लावा. कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) हवा असेल तर अर्जासोबत यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी क्रमांक), समितीचा ठराव आणि आत्तापर्यंत मुलांनी केलेलं काम जोडा. किटशिवाय चार महिने चाललेला वर्ग दाखवता आला तर तुमचं म्हणणं वेगळ्या कानाने ऐकलं जातं.

केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना ६वी ते १२वीच्या शाळांसाठी आहे, त्यात २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलंय आणि जागेची अटही आहे. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये पुढच्या ५ वर्षांत सरकारी शाळांत ५०,००० लॅब करायची घोषणा झाली, त्यामुळे माध्यमिक शाळा असेल तर अर्जावर लक्ष ठेवा. पण त्याची वाट बघत थांबू नका.

## टप्पा ७ : पहिली गाडी, पण पायरी पायरीने

बहुतेक जण पहिल्याच तासाला अडथळा टाळणारी गाडी करायला घेतात. मोटर, ड्रायव्हर, सेन्सर, कोड सगळं एकदम जोडतात, चालत नाही, आणि बिघाड कुठे आहे ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच नवीन गोष्ट जोडा:

१. बोर्डवरचाच दिवा (उनोवर १३ नंबर) लुकलुकवा. यात केबल, कॉम्प्युटरमधलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर, पोर्ट सगळं तपासून होतं. स्वस्त उनो बोर्डवर सीएच३४० चिप असते, तिचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर आधीच पेन ड्राईव्हमध्ये ठेवा.

२. बाहेरचा एलईडी, रेझिस्टरसकट.

३. बटण दाबलं की दिवा.

४. सेन्सर, फक्त आकडे वाचायचे. अल्ट्रासॉनिकसमोर वही धरा, पट्टीने मोजा, स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळतंय का बघा. साधारण २ सेंमीच्या आत तो नीट वाचत नाही, हे मुलांनाच शोधू द्या.

५. सर्वो.

६. एक मोटर, ड्रायव्हरमधून. मग दोन.

७. मग गाडी.

इथे हमखास होणाऱ्या चुका. मोटर थेट बोर्डच्या पिनला लावणं: पिनमधून २० मिलीअँपियरच्या आसपासच करंट घ्यायचा असतो, मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो, पिन जळते. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर गाडी चालवणं: तो सेल मोटरला पुरेसा करंट देऊ शकत नाही, गाडी दोन मिनिटं थरथरते आणि थांबते, मग मुलं कोड बदलत बसतात. चार पेन्सिल सेल लावा, आणि एल२९८एन ड्रायव्हर असेल तर तो स्वतःच जवळपास २ व्होल्ट खातो हे धरून सहा लावा. ग्राउंड न जोडणं: मोटरचे सेल वेगळे असले तरी त्यांचा मायनस आणि बोर्डचा ग्राउंड (जीएनडी लिहिलेली पिन) एकत्र जोडलेला पाहिजे, नाहीतर मोटर मनाला येईल तशी वागते. ० आणि १ नंबरच्या पिनला काही जोडून ठेवणं: प्रोग्राम अपलोडच होत नाही. आणि मायक्रोबिटला ५ व्होल्टवाला अल्ट्रासॉनिक सेन्सर सरळ जोडणं: मायक्रोबिट ३ व्होल्टवर चालतो, परत येणाऱ्या ५ व्होल्टने त्याची पिन जाऊ शकते. त्याच्यासाठी ३ व्होल्टवर चालणारा सेन्सर मागा.

"सर, हे हलंना" असं ऐकू आलं की कोडकडे धावू नका. भिंतीवर हा क्रम मोठ्या अक्षरात लावा आणि मुलांना त्याच क्रमाने जाऊ द्या: सेलमध्ये दम आहे का (मल्टीमीटरने), वायरी घट्ट आहेत का, ग्राउंड एक आहे का, पोर्ट आणि बोर्ड बरोबर निवडलाय का, आणि मग कोड. या क्रमाने गेलं तर बऱ्याचदा कोडपर्यंत पोचायची वेळ येत नाही.

तपासा : गाडी पूर्ण सुटी करून दुसऱ्या गटाला द्या. त्यांनी पहिल्या गटाच्या वहीतलं जोडणीचं चित्र बघून ती परत जोडली पाहिजे. जमलं नाही तर वही नीट लिहिलेली नाही.

## टप्पा ८ : गावातला एक प्रश्न

गाडी झाली की मुलांना विचारा, आपल्या आजूबाजूला काय मोजायला पाहिजे? शाळेची पाण्याची टाकी भरून वाहते, तिचा बझर. पत्र्याच्या वर्गात मार्चमध्ये दुपारी किती तापतं आणि कौलारू वर्गात किती, याची महिनाभर नोंद. कुंडीतली माती सुकली की दिवा. एवढे छोटेच विषय घ्या.

मातीचा ओलावा बघायला स्वस्त, दोन दातांचा सेन्सर घेतलात तर तो थोड्या दिवसांत गंजतो, कारण ओल्या मातीतून सतत करंट जात राहतो. कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, किंवा मोजण्यापुरताच करंट सोडा आणि मग बंद करा. खरं सांगायचं तर गंजणारा एक मुद्दाम लावून मुलांना दाखवाच, आठवीच्या विज्ञानात हा धडा जिवंत होतो.

आणि मोजलेल्या आकड्यांचं काहीतरी व्हायला हवं. तापमानाचा आलेख परिपाठाला मुलांनीच मांडावा, समितीच्या बैठकीत त्यांनीच दाखवावा. आम्ही बघितलेल्या एका शाळेत असा आलेख बघून समितीने दुपारी छोट्यांचा वर्ग दुसऱ्या खोलीत बसवायला सुरुवात केली. स्पर्धेत नेण्यापेक्षा हे आधी करा, स्पर्धा निवडक चार मुलांची होते.

## टप्पा ९ : साठवण, दुरुस्ती, आणि बदलीची तयारी

प्लास्टिकच्या डब्यात वायरी ठेवल्या तर उंदीर कुरतडतात. झाकणाचा स्टीलचा डबा किंवा पत्र्याची पेटी घ्या, प्रत्येक संचाला वेगळा, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळे सेल बाहेर काढा, आत राहिले की गळतात आणि होल्डर खातात.

तास संपताना मोजणी मुलांनीच करायची, दर महिन्याला वेगळ्या गटाने. कपाटाची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी त्या दोन शिक्षकांपैकी एकाकडे. किल्ली एकच असली आणि साहेब मीटिंगला गेले की तास बुडतो.

महिन्यातून एक तास फक्त दुरुस्तीचा ठेवा. तुटलेल्या वायरी, सैल चाकं, न चालणारे सेन्सर एका डब्यात जमा करायचे आणि त्या दिवशी काढायचे. सोल्डरिंग ८वीच्या मुलांनी शिक्षक शेजारी बसलेले असतानाच करायचं, खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा. गावात मोबाईल किंवा टीव्ही दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याला या तासाला बोलवा, त्याच्या हातातलं कसब किटबरोबर येत नाही.

फेब्रुवारीपासून ७वीची मुलं ५वीला शिकवायला लावा. ८वीच्या मुलांवर अवलंबून राहू नका, ती जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेलेली असतात.

आणि एक जाड वही, "हस्तांतर वही". त्यात वेळापत्रक, ठरावाची प्रत, कुठला भाग कुठल्या दुकानातून आणला, कुठली मशीन कशी रुसते, सॉफ्टवेअरचा पेन ड्राईव्ह कुठे आहे, कुठला खेळ कुठल्या वर्गाला जमला आणि कुठल्याला नाही, हे सगळं. दर महिन्याला दोन्ही शिक्षकांनी लिहायचं. एप्रिलमध्ये ती वही आणि एक संच अशा शिक्षकाच्या हातात द्या ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही, आणि त्यांना मुलांच्या मदतीने पहिला दिवा लुकलुकवायला सांगा. कुठे अडतात ते बघून त्या रात्रीच वहीत भर घाला, कारण बदलीची ऑर्डर आली की हातात फार दिवस राहत नाहीत.